मागणी ठरावात आली पाहिजे



वस्तीवरचा रस्ता, तुंबलेलं गटार, अंगणवाडीचं गळकं छप्पर. पुढारी आले की आपण सांगतो, ते "बघू" म्हणतात. पण तोंडी मागणीला पैसा मिळत नाही. ती ग्रामसभेच्या ठरावात आणि गावाच्या विकास आराखड्यात यावी लागते.

त्यासाठी आपली हक्काची जागा म्हणजे महिला सभा. ग्रामसभेच्या आधी ती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. शिपाई वही घेऊन दारात आला, तर घरबसल्या सही करू नका. एका सहीनं न झालेली सभा झाली असं ठरतं.

मागणी नेमकी लिहा: काम कुठून कुठपर्यंत, किती घरांसाठी, जागा कुणाची. जागेचा वाद असला की मंजूर कामही अडतं.

निधी ओळखून मागा. 15व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला राखला. गटाराचं काम त्यात बसतं. रस्त्यासाठी आमदार निधी किंवा जिल्हा नियोजन समितीकडे अर्ज करता येतो. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात. ते कशावर खर्च झाले, हेही सभेत विचारा.

शेवटी ठरावाची नक्कल घ्या आणि गटाच्या फाईलला लावा. पुढच्या सभेत तोच कागद पुढे ठेवून विचारा, "आमच्या कामाचं कुठवर आलं?"

एकटीला टाळता येतं ताई, वीस जणींना नाही.