सुसंवाद म्हणजे एकसूर नव्हे



ठरावास कोणी विरोध केला नाही, सभा शांततेत पार पडली, की सुसंवाद नांदला असे मानण्याचा प्रघात आहे. प्राचीन चीन व प्राचीन ग्रीस या दोन दूरस्थ संस्कृतींतील विचारवंतांनी मात्र ही समजूत नाकारली होती.

‘त्सो च्वान’ या चिनी इतिहासग्रंथात इ. स. पूर्व ५२२ मधील एक प्रसंग आहे. आपल्या मर्जीतील एका दरबाऱ्याशी आपले उत्तम जुळते, असे छी राज्याच्या अधिपतीस वाटे. प्रधान यान यिंग याने ते खोडून काढले. तो दरबारी नुसती धन्याची री ओढतो; हे एकसारखेपण झाले, सुसंवाद नव्हे. सुसंवाद रश्शासारखा असतो. पाणी, विस्तव, मीठ, आंबट, मासळी हे सारे भिन्न. आचारी उणे तेथे भर घालतो, अधिक तेथे कमी करतो. पाण्यात पाणी ओतून रस्सा होत नाही. राजाच्या होकारातील चूक आणि नकारातील तथ्य दाखविणे, हीच प्रधानाची खरी सेवा होय. यान यिंगचा समकालीन कन्फ्यूशियस (इ. स. पूर्व ५५१-४७९) याने तर हाच भेद थोर व क्षुद्र मनुष्य ओळखण्याची कसोटी ठरविला.

ग्रीकांचा ‘हार्मोनिया’ हा शब्द जोडकामाशी निगडित आहे. होमरच्या काव्यात तो तराफ्याच्या लाकडांच्या सांध्यांसाठी येतो. पायथागोरसपंथीयांनी त्यास गणिताची जोड दिली. तारेच्या लांबीचे प्रमाण २:१ असता सप्तकाचे, ३:२ असता षड्ज-पंचमाचे आणि ४:३ असता षड्ज-मध्यमाचे अंतर मिळते. एफिससच्या हेराक्लिटसला धनुष्यात व वीणेत परस्परविरुद्ध ताणांचा मेळ दिसला. पुढे प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये राज्याच्या संपूर्ण ऐक्याचा पुरस्कार केला, तेव्हा त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल याने ‘पॉलिटिक्स’ ग्रंथात आक्षेप घेतला की, अतिरेकी ऐक्याने सुसंवादाचा एकसूर होतो.

दोहोंत अंतर आहेच. पायथागोरसपंथीयांचा सुसंवाद मापाचा. प्रमाण चुकले की स्वर बिघडला. यान यिंगचा सुसंवाद चवीचा; प्रसंग पाहून हात राखणारा. परंतु यान यिंग आणि ॲरिस्टॉटल यांचा निष्कर्ष एकच आहे. भिन्नता पुसून टाकली, तर जुळवावयास काही उरतच नाही.

म्हणून भर सभेत उठून प्रामाणिकपणे वेगळे मत मांडणारा सभासद सुसंवादाचा वैरी नव्हे. त्यास गप्प बसविल्याने शांतता मिळेल. पण ती पाण्यात ओतलेल्या पाण्यासारखी बेचव असेल.