आतड्याचा जुना दाह आणि नवे उपचार



आजचा विषय चारचौघांत बोलण्यासारखा नाही असं आपण मानतो, आणि तिथंच घोटाळा होतो. ताप आला तर माणूस सांगतो, पाय मुरगळला तर सांगतो. पण शौचावाटे रक्त पडतं हे तो घरच्यांनाही सांगत नाही. सांगितलंच, तर कोणी म्हणतं उष्णता झाली, ताक पी. कोणी म्हणतं मूळव्याध असेल. कोणी म्हणतं आव पडली, कुड्याच्या सालीचा काढा घे. ह्यांतलं एखादं खरंही असतं. साधी आव बहुधा आठ-दहा दिवसांत आटोक्यात येते, आणि मूळव्याधही पुष्कळांना असते. पण रक्त आणि शेम महिना महिना पडत राहिली, रात्री झोपेतून उठून परसाकडे पळावं लागलं, अंगावरचं मांस झडू लागलं, तर ती उष्णता नव्हे. अशा वेळी एका निराळ्या दुखण्याचा विचार करावा लागतो. ते दुखणं म्हणजे आतड्याचा जुना दाह.

ह्या दुखण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. हा मोठ्या आतड्यात होतो. गुदद्वारापासून सुरू होऊन वर पसरतो आणि आतड्याचे आतले अस्तर सोलवटून टाकतो. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स ह्यांनी १८५९ साली ह्याचे वर्णन केले. दुसरा क्रोन्सचा आजार. न्यूयॉर्कचे डॉक्टर क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी, गिन्झबर्ग व ओपनहायमर, ह्यांनी १९३२ साली तो जगापुढे मांडला. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर त्याचा रोख अधिक. तो आतड्याची भिंत आरपार पोखरतो. त्यामुळे आतडे अरुंद होते, कधी भगेंद्रासारखी वाट पडते. ह्यात रक्त दिसेलच असे नाही. पोटात कळा येणे, जुलाब आणि वजन घटणे हीच लक्षणे पुष्कळदा पुढे असतात.

आता तुम्ही विचाराल, हे होतं कशानं? गावात रात्रीची राखण करायला आपण राखणदार ठेवतो. समजा, एके रात्री त्याचं डोकं फिरलं आणि चोर समजून तो घरच्याच माणसांवर काठी चालवू लागला. तसंच इथं घडतं. शरीराची संरक्षण करणारी शक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. थोडा भाग अनुवंशाचा, थोडा आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा, थोडा खाण्यापिण्याचा आणि राहणीचा. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचं ताट वेगळं काढायचं कारण नाही, आणि हे कोणत्याही पापाचं फळ नाही.

हा आजार गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे कुठला, असे पूर्वी डॉक्टरही म्हणत. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन सुमारे ५२ हजार माणसांची पाहणी केली. तिचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे त्यांना आढळले. लाखात ४४ ही संख्या लहान दिसते. पण तालुक्याची वस्ती दोन लाख धरली, तर त्या हिशोबाने अठ्ठ्याऐंशी घरे झाली.

आता उपचारांकडे येऊ. पहिले खास औषध सापडले ते स्वीडनमध्ये. नाना स्वार्ट्झ नावाच्या बाई तिथे वैद्यकाच्या प्राध्यापक होत्या. सांधेदुखीसाठी त्यांनी सल्फासालाझिन हे औषध तयार करवून घेतले. ते देता देता मोठ्या आतड्याच्या ह्या दुखण्यालाही त्याने आराम पडतो असे त्यांना दिसले, आणि १९४२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. स्वस्त आणि जुने असले तरी हे औषध आजही वापरात आहे.

पुढचा टप्पा ऑक्सफर्डचा. ट्रूलव्ह आणि विट्स ह्या डॉक्टरांनी २१० रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला कॉर्टिझोन दिले, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९५५ साली निकाल जाहीर झाला. सहा आठवड्यांत कॉर्टिझोन घेणाऱ्यांपैकी शेकडा ४१ जणांची लक्षणे शमली होती. दुसऱ्या गटात शेकडा १६ जणांची. तोवर ह्या आजाराच्या जोरदार झटक्यात माणसे दगावत. ते पुष्कळ कमी झाले.

तिसरी हकीकत मला फार आवडते. सल्फासालाझिन म्हणजे दोन पदार्थांची सांगड. त्यांतला गुण कोणाचा? आपल्या शेजारच्या बांगलादेशचे डॉक्टर आझाद खान हे ट्रूलव्ह ह्यांच्याकडे काम करीत होते. त्यांनी दोन्ही पदार्थ वेगळे केले आणि रोग्यांना बस्तीवाटे निरनिराळे देऊन पाहिले. १९७७ साली उत्तर मिळाले: गुण एकाचा होता आणि पुष्कळसा त्रास दुसऱ्याचा. तो गुणाचा पदार्थ म्हणजे मेसालामीन. आज अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या सौम्य आजाराला पहिले औषध दिले जाते ते हेच.

ज्यांना ह्या औषधांनी भागत नसे, त्यांच्यासाठी १९९० नंतर नवी वाट निघाली. दाह भडकवणारा एक पदार्थ शरीरातच तयार होतो. त्यालाच धरून निकामी करणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध शिरेतून देतात. अमेरिकेत १९९८ साली ते क्रोन्सच्या आजारासाठी मंजूर झाले. त्याच जातीचे अॅडलिमुमॅब हे कातडीखाली टोचण्याचे औषध. २०१४ साली भारतातल्या एका कारखान्याने त्याची प्रतिकृती बाजारात आणली. २०१८ पासून टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही अल्सरेटिव्ह कोलायटिसवर आल्या आहेत. आणि औषधे थकली तर शस्त्रक्रिया आहे. लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स ह्यांनी १९७८ साली दाखवलेल्या रीतीने, मोठे आतडे काढल्यावर लहान आतड्याचीच पिशवी करून शौचाचा मार्ग नेहमीच्या जागी ठेवता येतो.

आणि आता खेड्याचा मान वाढवणारी एक गोष्ट सांगतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी ६६ रोग्यांवर एक प्रयोग केला. निरोगी माणसाच्या मळातले उपयोगी जंतू, नीट तपासून व गाळून, दुर्बिणीच्या नळीने काही रोग्यांच्या आतड्यात सात आठवडे सोडले, आणि त्याबरोबर ठरावीक आहार दिला. इतरांना नेहमीचे उपचार दिले. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला: आठ आठवड्यांनी नव्या उपचाराने शेकडा ६० जणांची लक्षणे शमली, नेहमीच्या उपचाराने शेकडा ३२ जणांची. हे जंतू देणारे निरोगी लोक होते खेड्यांतले. शहरी पोटात जे हरवलं, ते अजून तुमच्या पोटात शिल्लक आहे, एवढा अर्थ त्यातून घ्या. मात्र हा प्रयोग घरी करायचा नव्हे. न तपासलेल्या मळातून भलताच रोग पोटात जाईल.

इतकी प्रगती झाली, तरी माणसं खंगतात का? त्याची कारणं औषधांत कमी आणि आपल्यात अधिक आहेत.

पहिलं कारण, तपासणीची टाळाटाळ. मळ आणि रक्ताची तपासणी, आणि दुर्बिणीने आतडं पाहणं, ह्यावाचून निदान होत नाही. आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा आजार सख्ख्या भावांसारखे दिसतात. दुर्बिणीतूनही चटकन ओळखू येत नाहीत. म्हणून डॉक्टर कधी कधी आधी क्षयाची औषधं देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून फरक पाहतात. ते चुकत नाहीत; ते पारख करीत असतात. अशा वेळी मधेच डॉक्टर बदलू नका, आणि पुन्हा बोलावलं की जा. दबलेला क्षय इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी उसळतो, हे २००१ साली स्पष्ट झालं आहे. म्हणून ती देण्याआधी छातीचा फोटो आणि क्षयाची तपासणी करावीच लागते.

दुसरं कारण, बरं वाटलं की औषध बंद. विस्तवावर राख धरली म्हणजे तो विझला असं नाही. रक्त थांबलं तरी आतला दाह धुमसत असतो. मेसालामीनसारखी औषधं बरं असतानाच चालू ठेवायची असतात, ती बरं राहण्यासाठी. ह्याच्या उलट, कॉर्टिझोनच्या जातीच्या गोळ्या झटका शमवण्यापुरत्या. त्यांनी चटकन आराम पडतो म्हणून पुष्कळ जण जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेत राहतात. मग हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मुलांची वाढ खुंटते. आणि त्या एकदम बंद केल्या तर तेही धोक्याचं. वाढवणं, कमी करणं, सारं डॉक्टरांच्या सांगण्यावरून. अंगदुखीच्या गोळ्याही मनानं घेऊ नका. त्यांनी हे दुखणं चाळवू शकतं.

हळदीविषयी पुष्कळ जण विचारतात. जपानात हळदीतल्या सत्त्वाचा प्रयोग झाला. २००६ साली त्याचा निष्कर्ष आला, आणि आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. पण ते सत्त्व नेहमीच्या औषधाबरोबर दिलं होतं, औषधाऐवजी नव्हे. एवढा फरक ध्यानात ठेवावा.

आता गुरुजींना आणि बाईंना दोन शब्द. हा आजार पुष्कळदा तरुणपणी, कधी शाळकरी वयातच सुरू होतो. वर्गातला एखादा मुलगा दोन वर्षांत उंचीनं वाढत नाही, चेहरा पांढुरका पडला आहे, तास चालू असताना पुन्हा पुन्हा बाहेर जायला मागतो. आपल्याला वाटतं, टाळाटाळ करतो आहे. त्याला उभं करून कारण विचारू नका. चारचौघांत तो सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी शाळेलाच येणार नाही. त्याला दाराजवळ बसवा, न विचारता जाऊ द्या, आणि आईवडिलांना बाजूला बोलावून डॉक्टरकडे जायला सांगा. शाळेत दार लागणारा संडास आणि पाणी असणं हाही त्या मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. मुलींच्या बाबतीत तर अधिकच.

मुलीला हे दुखणं असलं की घरचे लग्नाआधी लपवतात, आणि लग्नानंतर ती गोळ्या लपवून घेते किंवा सोडून देते. लपवू नका. आजार शांत असताना दिवस गेले तर बहुतेकींचं बाळंतपण सुखरूप होतं. पुष्कळशी औषधं गरोदरपणातही चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट, टोफासिटिनिब अशी काही आधीच थांबवावी लागतात. म्हणूनच डॉक्टरांना आधी विचारावं.

शेवटी एक खूण सांगतो. ती ट्रूलव्ह आणि विट्स ह्यांनीच घालून दिली आणि आजही प्रमाण मानतात. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचं शौच, आणि त्याबरोबर अंगात ताप किंवा नाडी मिनिटाला ९० च्या वर. असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, रोग्याला मोठ्या दवाखान्यात न्या. आणि मोठ्या आतड्याचा आजार जुना झाला असेल, तर साधारण आठ वर्षांनंतर, बरं असलं तरी, दुर्बिणीची तपासणी ठरल्या वेळी करून घ्या. त्या आतड्यात कर्करोग होण्याचा धोका असतो, आणि वेळीच दिसला तर तो काढता येतो.

हा आजार मुळासकट उपटून टाकणारं औषध अजून निघालेलं नाही. पण तो दाबून ठेवून शेती, नोकरी, संसार सारं करता येतं, आणि असं करणारी माणसं तुमच्या-आमच्यात वावरत आहेत. ती बोलत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाहीत. आज रात्री जेवणानंतर घरात एवढंच विचारा, की कोणाला असा त्रास तर नाही ना? विचारायला लाजू नका, म्हणजे सांगणाराही लाजणार नाही.