असूड कोणाच्या हातचा?

(बेलापूरपट्टीतील एका गावी दिलेले व्याख्यान)



गेल्या आठवड्यात वर्गातील एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, ‘शेतकऱ्याचा असूड’ म्हणजे शेतकऱ्याच्या पाठीवर पडणारा ना?" दोष मुलाचा नव्हे. १९७० नंतर नव्या शहरासाठी आपली भातखाचरे व मिठागरे गेली, बैल गेले, आणि बैलांमागून त्यांच्या कामाचे शब्दही गेले. म्हणून आज या एका शब्दाविषयीच बोलतो.

चाबूक, कोरडा, असूड ही तिन्ही मारण्याचीच साधने. पण तिघांचे घराणे निराळे. चाबूक हा शब्द फारशी. तिकडे त्याचा एक अर्थ चपळ असाही आहे. तो फिरत फिरत मलायी भाषेत गेला, तेथून दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांच्या तोंडी ‘शाम्बोक’ झाला आणि तेथील मूळ रहिवाशांच्या पाठीवर पडला. कोरडा हा सजेचा. ‘कोरडे ओढणे’ आपण आजही म्हणतो. पोतराज तो आपल्याच अंगावर ओढून घेतो, ती तऱ्हा आणखी वेगळी. असूड मात्र औतामागे चालणाऱ्याचा, देशावर मोट हाकणाऱ्याचा. लाकडी दांडी आणि तिला कातड्याची वादी. दांडी सुताराची, वादी चर्मकाराची, हात कुणब्याचा. (बैलाला विचाराल तर तो निराळेच सांगेल!)

जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुस्तकास नाव देताना अंमलदाराचा चाबूक घेतला नाही, सजेचा कोरडा घेतला नाही. शेतकऱ्याच्या रोजच्या हातातले हत्यार घेतले. बैलावर उगारावयाचे ते त्यांनी सारा, सावकारी, भटभिक्षुकी व कचेऱ्यांतील लाचखाऊ कामगार यांच्यावर उगारले. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील ‘चा’ हा मालकीचा आहे, बाबांनो.

तो फटका आपल्याच माणसांनाही सोसवला नाही. मुंबईच्या ‘दीनबंधु’ पत्राने त्याचे दोन भाग छापले आणि पुढचे छापण्याचे थांबविले. पत्र चळवळीचे, चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे गिरणी कामगारांचे कैवारी, तरीही थांबले. जोतीरावांनी मग मजकूर गावोगाव वाचून दाखविला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले, पण खरा असूड दाखविता आला नाही. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुना पडला असेल, तर वादी तुटलेली असली तरी चालेल, शाळेत आणून द्यावा.