उत्तरेतली चर्च आणि आपला इतिहास



माझी बरीचशी नोकरी उत्तरेतल्या छावण्यांत गेली. मोकळा रविवार मिळाला की मी आसपासचं एखादं जुनं चर्च बघून यायचो. सोबतचे लोक विचारायचे, "साहेब, तुम्ही मराठी माणूस. किल्ले सोडून चर्च कशाला?" त्याचं उत्तर आज देतो.

आपण पानिपतला जातो, हळहळतो आणि परत येतो. जणू १७६१ नंतर उत्तरेत आपलं काही उरलंच नाही. पण मराठे १७७१ मध्ये पुन्हा दिल्लीत आले. पुढे महादजी शिंद्यांनी तिथे जम बसवला आणि १८०३ मध्ये इंग्रजांकडून हरेपर्यंत त्या मुलखात शिंद्यांचा दबदबा होता. त्यांच्या कवायती फौजेत फ्रेंच, डच, इंग्रज असे अनेक अधिकारी होते. त्यांच्या खुणा शोधायच्या, तर चर्चमध्येच जावं लागतं.

दिल्लीत काश्मिरी गेटजवळ सेंट जेम्स चर्च आहे. पिवळसर भिंती, मधोमध घुमट. ते बांधलं कर्नल जेम्स स्किनरने. वडील स्कॉटिश, आई राजपूत, म्हणून कंपनीच्या सैन्यात त्याला अधिकारी होता येईना. शिंद्यांनी त्याला ठेवून घेतलं. १८०० मध्ये राजस्थानात उनियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी होऊन रणांगणावर पडून राहिला. वाचलो तर चर्च बांधीन, असा नवस त्याने तिथे केला आणि १८३६ मध्ये तो फेडला. म्हणजे दिल्लीतल्या या चर्चचा नवस शिंद्यांच्या चाकरीतल्या शिपायाचा! १८०३ मध्ये युद्ध पेटलं, तेव्हा इंग्रजी रक्ताच्या अधिकाऱ्यांना शिंद्यांची फौज सोडावी लागली. स्किनर इंग्रजांकडे गेला. त्याने उभं केलेलं घोडदळ 'स्किनर्स हॉर्स' या नावाने आजही भारतीय सेनेत आहे. त्याची कबर वेदीच्या समोरच आहे.

आता मेरठजवळच्या सरधन्याला चला. उसाच्या मुलखातलं हे लहानसं गाव. तिथे दोन उंच मनोऱ्यांचं एवढं मोठं चर्च दिसलं, की माणूस थबकतोच. ते बेगम समरूने बांधलं. नवरा वारल्यावर त्याच्या पलटणींची सूत्रं हिने हाती घेतली आणि १७८१ मध्ये ती ख्रिस्ती झाली. १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा बेगमच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने हजर होत्या. कुठे सरधना, कुठे असई! पायी चालणाऱ्या फौजेला ते अंतर काय पडलं असेल, हे फौजी माणसाला विचारा.

आत संगमरवरी वेदी आहे आणि इटलीत घडवलेलं बेगमचं स्मारक. वर बेगम बसलेली, खाली तिची माणसं. त्यांत हिंदू दिवाण आहे, मुसलमान सरदार आहे आणि ख्रिस्ती बिशपही आहे. तिचा दरबार कसा होता, ते समजायला वेगळं पुस्तक नको.

आग्र्याला गेलात तर ताजमहालनंतर एक तास जुन्या कॅथलिक दफनभूमीसाठी ठेवा. तिथे लाल दगडातली, ताजच्या धर्तीची एक कबर आहे. ती जॉन हेसिंग या डच अधिकाऱ्याची. आग्र्याचा किल्ला तो शिंद्यांतर्फे सांभाळत होता. १८०३ मध्येच तो वारला.

जाताना थोडं पथ्य पाळा. ही प्रार्थनेची ठिकाणं आहेत. उपासना चालू असेल तर मागे शांत बसा, फोटोआधी विचारा. आणि भिंतीवरचे, फरशीवरचे लेख सावकाश वाचा. ऊन, ओल आणि पायांखाली ही अक्षरं झिजत चालली आहेत. जे वाचता येईल ते वहीत उतरवून घ्या.

दिल्ली, मेरठ, आग्र्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. त्यांना खास सांगतो, मुलांना एकदा इथे न्या. पानिपतला आपण हरलो, हे त्यांना ठाऊक असतं. त्यानंतर आपण परत आलो होतो, हेही कळू द्या.

जय हिंद.