यंत्राच्या मर्यादेंतून उमललेली कला

तबकडी वाजविणें वेगळें आणि गवयानें समोर बसून राग उभा करणें वेगळें. संगणकाच्या जगांत 'डेमो' या नांवानें ओळखली जाणारी कला या दुसऱ्या जातीची होय. डेमो हा चित्रपट नव्हे. ती एक आज्ञावली असते. ती सुरू होतांच संगणक त्याच क्षणीं गणित करून चित्रें रेखाटतो आणि त्यांस संगीताची साथ देतो.

या कलेचें मूळ फारसें भूषणावह नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत युरोपांतील कांहीं तरुण संगणकी खेळांवरील नकलेचा प्रतिबंध मोडीत आणि खेळाच्या आरंभीं आपली नाममुद्रा झळकवीत. पुढें ती नाममुद्राच इतकी सुंदर झाली कीं, चोरीचा माल मागें पडला व कारागिरी तेवढी उरली.

फिनलंडमधील 'फ्यूचर क्रू' हा संघ १९८६ सालचा. कमोडोर ६४ या लहान यंत्रावर आरंभ करून तो पुढें पीसीकडे वळला. हें यंत्र मुख्यतः कचेरींतील हिशेबाचें. चित्र व नाद यांत अमिगा त्याहून सरस मानला जाई. परंतु साधन उणें असलें म्हणजे कारागिराची परीक्षा अधिक खरी होते.

१९९२ सालीं या संघानें इतर दोन संघांच्या साह्यानें 'असेंब्ली' हा मेळावा सुरू केला. १९९३ च्या मेळाव्यांत त्याच्या 'सेकंड रिअ‍ॅलिटी'नें पीसी विभागांत पहिलें पारितोषिक पटकाविलें. त्रिमिती चित्रांसाठीं निराळें साहाय्यक यंत्र त्या काळच्या घरगुती पीसींत नसे. नगरावरून झेपावणाऱ्या अवकाशयानाचें सारें गणित एकट्या प्रोसेसरनें करावयाचें. निरनिराळ्या सभासदांनीं रचलेले स्वतंत्र भाग पर्पल मोशन आणि स्केव्हन या टोपणनांवांच्या संगीतकारांच्या सुरांत एकत्र ओंवलेले होते.

या हौसेंतून पुढें व्यवसायही उभे राहिले. संघांतील कांहीं मंडळींनीं १९९५ सालीं 'रेमेडी' ही खेळ निर्माण करणारी संस्था स्थापिली. 'मॅक्स पेन' (२००१) हा तिचाच खेळ. परंतु खरा वारसा याहून मोठा आहे. २०१३ सालीं संघानें 'सेकंड रिअ‍ॅलिटी'ची मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली. घराण्याची चीज पडद्याआड न ठेवतां नवशिक्यापुढें मांडावी, तसेंच हें झालें. २०२० सालीं फिनलंडनें डेमोकलेस आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय सूचींत स्थान दिलें.

तथापि एक धोका उरतोच. जुनीं यंत्रें झिजत आहेत आणि बहुतेक प्रेक्षक आज या कृतीचें चित्रमुद्रणच पाहतात. म्हणजे मैफलीच्या जागीं पुन्हा तबकडीच आली. आज्ञावली खुली असल्यामुळें ती मैफल पुन्हा उभी करतां येईल. मात्र तिचें गणित समजून घेणारे शिष्य पिढीपिढींत निपजले पाहिजेत. तसें झालें तरच 'जिवंत' हें विशेषण सार्थ ठरेल.