जोखीम आणि जुगार

चर्चच्या सणाला मंडपात हाऊजीचा खेळ मांडतात. तिकिटे विकली जातात, आकडे पुकारले जातात आणि जमलेली रक्कम छपराच्या दुरुस्तीकडे जाते. त्यात कोणाच्याही मनाला टोचणी लागत नाही. मात्र त्याच मंडळीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने आपल्या पुंजीतून एखाद्या कारखान्याचे शेअर घेतले, की ‘मास्तर सट्ट्याच्या नादी लागले’ अशी कुजबूज सुरू होते. ख्रिस्ती माणसाने पैसा धंद्यात घालावा किंवा नाही, हा प्रश्न पुष्कळदा असा उलट्या टोकाने विचारला जातो. जुगार वाईट, हे बहुतेकांना मान्य असते. तथापि ज्या व्यवहाराचे फळ आधी सांगता येत नाही तो प्रत्येक व्यवहार जुगार ठरतो काय, याचा विचार करण्याचे कष्ट फार थोडे घेतात. तसे मानावयाचे झाले, तर रोहिणी नक्षत्रात आभाळाकडे पाहून बी मातीत टाकणारा कुणबी हा पहिला जुगारी ठरेल.

या बाबतीत मुंबईच्या कापूसबाजाराचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचा उघडता व बंद होता भाव मुंबईस येत असे. कापसाच्या धंद्यातील प्रत्येकाला तो हवा असे. वखारीत गाठी भरून ठेवलेल्या व्यापाऱ्याला उद्या भाव कोसळण्याची धास्ती असते. म्हणून तो आजच्या भावाने पुढचा वायदा विकून मोकळा होतो. ज्या गिरणीमालकाने सहा महिन्यांनी कापड देण्याचा करार केलेला असतो त्याला भाव चढण्याची भीती असते. तो वायदा खरेदी करतो. दोघांच्याही डोक्यावर जोखीम आहे, पण ती त्यांनी हौसेने निर्माण केलेली नाही. ती कापसाच्या पाठोपाठच येते आणि दोघेही ती हलकी करण्याच्या खटपटीत असतात. परंतु याच भावावर डोळा ठेवून बसणारा एक तिसरा वर्गही मुंबईत होता. त्याच्यापाशी गाठ नव्हती, गिरणी नव्हती. कापूस महागला काय आणि स्वस्त झाला काय, त्याला सोयरसुतक नव्हते. तो केवळ भावातील अंकावर पैसे लावी.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे ते आकडे येणे थांबले. त्यांच्यावाचून या तिसऱ्या वर्गाचे काडीमात्र अडले नाही. अंकांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून त्या काढण्याची प्रथा पडली आणि त्या मडक्यावरूनच ‘मटका’ हे नाव रूढ झाले. कापूस नाहीसा झाला तर व्यापाऱ्याचा वायदा निरर्थक होतो. आकडा लावणाऱ्याच्या धंद्याला कापसाची गरज मुळीच नव्हती, हे त्या मडक्याने सिद्ध केले. जोखीम आणि जुगार यांतील भेद यापेक्षा स्पष्टपणे दाखविणारी घटना सहसा सापडावयाची नाही. धंद्याची जोखीम कामाला चिकटलेली असते. जुगाराची जोखीम खास बनवावी लागते, आणि एकाच्या खिशातून गेले तेवढेच दुसऱ्याच्या खिशात येते. मध्ये काही पिकत नाही, विणले जात नाही, बांधले जात नाही. कापसाच्या बाजारात एक चौथाही गृहस्थ असतो, हे मात्र सांगितले पाहिजे. तो व्यापाऱ्याची धास्ती स्वतःच्या शिरावर घेऊन त्याचा मोबदला मिळवू पाहणारा सटोडिया. त्याच्याविषयी एका वाक्यात निवाडा देता येत नाही. दुसऱ्याचा भार खरोखरच तो उचलीत असेल तर तो उपयोगाचा मनुष्य आहे. केवळ चढउताराच्या फरकाची देवघेव करीत असेल तर तो आकडेवाल्याचा सख्खा भाऊ.

पवित्र शास्त्रात जुगाराविरुद्ध स्वतंत्र अशी आज्ञा नाही. वधस्तंभापाशी शिपायांनी येशूच्या वस्त्रावर चिठ्ठ्या टाकल्या, हे चित्र वाचकाच्या मनात घृणा उत्पन्न करते. पण यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली तीही चिठ्ठ्या टाकूनच. एका ठिकाणी दुसऱ्याचे वस्त्र लाटावयाचे होते, दुसऱ्या ठिकाणी प्रार्थनापूर्वक देवाचा कौल मागावयाचा होता. दोष चिठ्ठीत नाही.

गुंतवणुकीच्या समर्थनार्थ मत्तयाच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला नेहमी पुढे केला जातो. धनी परदेशी जाताना आपले द्रव्य तीन दासांच्या हवाली करतो; दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो आणि धन्याचा रोष ओढवून घेतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर एका तालांतात मजुराची वीस वर्षांची कमाई साठते. म्हणजे तिसऱ्या दासाच्या हातीदेखील काही चिल्लर रक्कम नव्हती. शिवाय यहुदी पंडितांच्या मते दुसऱ्याची ठेव जमिनीत पुरून ठेवणे हीच तिची खरी राखण होती. पुरलेली ठेव चोरीस गेली तरी ठेवणाऱ्यावर ठपका येत नसे. तेव्हा हा दास त्या काळच्या मानाने मोठा सावध गृहस्थ होता आणि नेमका तोच दोषी ठरला, हे पहिल्या श्रोत्यांना चमत्कारिक वाटले असले पाहिजे. मात्र हा दाखला ऐकवून शेअर खपविणाऱ्या दलालांपासून सावध राहिलेले बरे. तो स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, बाजारभावाविषयी नव्हे. त्यातून निघते ते इतकेच, की व्यापारातील नफा ही चोरी नव्हे, आणि द्रव्य कारभाऱ्याचे नसून धन्याचे आहे. या दुसऱ्या गोष्टीचा उच्चार दलाल सहसा करीत नाहीत.

मध्ययुगातील धर्मपंडितांनी या प्रश्नाचा कीस काढला आहे आणि त्यांचा निष्कर्ष आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटेल. त्यांचा राग जोखीम घेणाऱ्यावर नव्हता, न घेणाऱ्यावर होता. १२७४ साली मरण पावलेला थोर तत्त्ववेत्ता थॉमस अॅक्विनास याने असा भेद केला की, कर्ज देऊन कुळाचे काही का होईना, आपले व्याज निश्चित वसूल करणारा दोषी. पण व्यापाऱ्याशी किंवा कारागिराशी भागीदारी करून त्यात पैसा घालणाऱ्याला नफ्याचा वाटा घेण्याचा अधिकार आहे, कारण ते द्रव्य अद्याप त्याचेच आहे आणि ते बुडाले तर त्याचेच बुडावयाचे आहे. पुढे १५४५ मध्ये कॅल्व्हिनने एका पत्रात व्याजालाही मर्यादित मोकळीक दिली. गरिबाकडून ते घेऊ नये, ही अट मात्र कायम ठेवली. जुगाराबाबत पंथापंथांत फरक आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानुसार नशिबाचे खेळ मुळातच अन्यायाचे नव्हेत. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे द्रव्य त्यांत गेले तर ते निषिद्ध होतात. मेथडिस्ट परंपरा याहून कडक आहे.

तेव्हा द्रव्य कोणाचे आणि बुडाले तर कोण बुडणार, हा प्रश्न टाळता येत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर अवाच्या सवा भावाने विकले गेले. समुद्र हटविणे हे प्रामाणिक काम होते, यात संशय नाही. पण शेअर घेणाऱ्यांचे लक्ष समुद्राकडे नव्हते. १८६५ मध्ये युद्ध संपले, १ जुलै रोजी वायद्यांची मुदत भरली आणि मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. शेअरच्या तारणावर भरमसाट कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेही त्या तडाख्यातून वाचली नाही. कंपनी खरी, काम खरे, कागदही खरा, आणि तरीही व्यवहार जुगाराचा, असे घडू शकते. आजही तेच आहे. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाल्याचे आढळले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांना कायद्याची मान्यता आहे. परंतु उसनवारीचा किंवा मुलाच्या फीसाठी ठेवलेला पैसा दुपारपर्यंत दुप्पट करावयाचा, या इराद्याने जो त्यात उतरतो, त्याने आकडा मडक्यातून काढला की मोबाईलवर पाहिला, याने काही फरक पडत नाही.

याच्या उलट टोकाचा आक्षेपही ऐकू येतो: उद्याची तजवीज करणे हाच देवावरील अविश्वास होय. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ भाविकांना आयुर्विम्याविषयी अशीच शंका होती. याकोबाच्या पत्रात, अमक्या नगरात वर्षभर व्यापार करून पैसा मिळवू असे छातीठोकपणे म्हणणाऱ्यांची कानउघाडणी आहे, हे खरे. पण तेथे खटकली ती बढाई. व्यापार सोडा असे काही याकोब सांगत नाही, आणि बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणारा मनुष्य तर लूकच्या शुभवर्तमानातच आहे.

हा हिशेब स्कॉटलंडमधील दोन पाळकांनी खरोखरच करून दाखविला. पाळक वारला की त्याची बायकामुले उघड्यावर पडत. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर यांनी मंडळ्यांकडून माहिती गोळा केली, हॅले या ज्योतिर्विदाची मृत्युसारणी घेतली आणि गणिती मॅक्लॉरिन याचे साहाय्य मागितले. निधीची उभारणी १७४४ साली झाली. पाळकांनी दरवर्षी वर्गणी भरावयाची, ती व्याजी लावावयाची आणि त्यातून विधवेला, तिच्या पतीच्या वर्गणीच्या मानाने, सालीना दहा ते पंचवीस पौंड द्यावयाचे. त्याच काळात लंडनमध्ये अनोळखी माणसांच्या, नामांकितांच्या आणि आजाऱ्यांच्याही मरणावर विमापत्रे काढून पैजा लागत होत्या. १७७४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून, ज्याच्या जगण्यात स्वतःचे हित गुंतलेले नाही अशा माणसाचा विमा काढण्यास बंदी केली. विमापत्र, हप्ता आणि मरण दोन्हीकडे सारखेच होते. कायद्याने एवढेच विचारले, की हा मनुष्य मेला तर विमा काढणाराचे काय जाणार? एडिंबरोच्या हिशेबात त्याचे उत्तर आधीच मांडलेले होते: कोणत्याही वेळी हयात पाळक ९३०, त्यांपैकी वर्षाला मरणारे २७, आणि मागे राहणाऱ्या विधवा १८.