उशिरा लागलेला कस
(सराफा, इंदूर येथील व्याख्यान)



सराफ्यात सोन्याविषयी नवे काय सांगावे? कसोटीचा काळा दगड, त्यावर उमटणारी रेघ आणि तेजाबाच्या थेंबाने होणारा निवाडा येथील लहान मुलासही ठाऊक असतो. परंतु या व्यवहारातील एक सत्य सहसा बोलले जात नाही. कस लावताना परीक्षा केवळ सोन्याची होत नसते, पारख करणाऱ्या नजरेचीही होत असते. बावनकशी सोने पितळ समजून वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून राहिले, तर उणेपणा सोन्याचा नव्हे, सराफाचा. श्री. मुरलीकांत पेटकर या वृद्ध सैनिकाचे चरित्र अशाच उशिरा लागलेल्या कसाची कथा आहे.

१ नोव्हेंबर १९४४ रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यात, एका साध्या मराठी घरात त्यांचा जन्म झाला. तरुण वयातच ते सैन्याच्या विद्युत व यांत्रिक अभियंता दलात दाखल झाले आणि तेथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात या जवानाच्या देहात गोळ्या शिरल्या. कमरेखालचे शरीर निर्जीव झाले. तेव्हा त्यांच्या वयाची एकविशीही पुरी झाली नव्हती.

ज्याचे सारे भांडवल शरीर, त्याचे शरीरच हिरावले गेले, तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? पेटकरांनी पाण्याकडे पाहिले. उपचाराचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले आणि जमिनीवर पायांनी नाकारलेली गती पाण्यात बाहूंनी मिळवून दिली. या प्रवासात त्यांना विजय मर्चंट यांच्या संस्थेचे साहाय्य लाभले. इंदूरकरांना हे नाव परके नाही. १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात कर्नल सी. के. नायडू यांच्या होळकर संघाविरुद्ध २७८ धावा काढणारे मर्चंट ते हेच. मैदानावर ज्यांनी होळकरांच्या गोलंदाजांना दमविले, त्यांनीच पुढे अपंग खेळाडूंच्या पाठीवर हात ठेवला, हे मुद्दाम स्मरणात ठेवावे.

१९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांचे ऑलिंपिक भरले. पन्नास मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण होय. पुढचे सुवर्ण येण्यास २००४ साल उजाडावे लागले. मुख्य ऑलिंपिकमध्ये एखाद्या भारतीयास वैयक्तिक सुवर्ण लाभले, तेही २००८ साली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या, म्हणजे १९७२ च्या त्या सदतीस सेकंदांचे मोल ध्यानी येते.

आणि तरीही हे नाव जनमानसातून जवळजवळ पुसले गेले. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी त्या काळी मान्य झाली नाही. पेटकर पुण्यात नोकरी करीत, संसार सांभाळीत, आपल्या पदकासह शांतपणे जगत राहिले. २०१८ साली पद्मश्री आली. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. अखेर १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपती भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना आजीवन कार्याबद्दल अर्जुन पुरस्कार प्रदान करण्यात आला. पदक आणि हा पुरस्कार यांत बावन्न वर्षांचे अंतर पडले. इतक्या काळात सोन्याचा कस रतीभरही बदलला नव्हता. बदलली ती पारख.

या गौरवाने आनंद होतो, तशी एक टोचणीही लागते. पेटकर दीर्घायुषी ठरले म्हणून समाजाला आपली चूक सुधारण्याची संधी मिळाली. ज्यांना इतके आयुष्य लाभले नाही, त्यांचे काय? इंदूरजवळच महूची छावणी आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहापासून या भूमीचे सैन्याशी नाते जडले आहे. सैन्यात उमेदीची वर्षे घालविलेले वृद्ध याच शहराच्या वाड्यांत, गल्ल्यांत राहत असतील. कोणी रोज देवदर्शनास येत असेल, आणि गुडघे चढू देत नाहीत म्हणून कोणी पायरीशीच हात जोडून परत फिरत असेल. त्याच्या छातीवर कधी काळी कोणते पदक लागले होते, हे शेजाऱ्यासही माहीत नसेल.

सत्कार म्हणजे शाल आणि श्रीफळ एवढेच नव्हे. महाजनांच्या हाती मोठे काम आहे. अशा वृद्धांची घरोघर जाऊन नोंद करावी. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून लिहून घ्याव्यात. मंदिराच्या पायऱ्यांना धरावयास कठडा आणि चाकाच्या खुर्चीस उतरता मार्ग करावा. उत्सवात तरुणांना त्यांच्या शेजारी बसवावे. विजय मर्चंट यांनी पेटकरांना दया दिली नाही, वाट दिली. सेवेचा खरा अर्थ तोच.

देवाच्या दारी उशीर झाला असे कधी होत नाही, परंतु माणसाच्या दारी होतो. सोने पारखणाऱ्या या पेठेने माणूस पारखण्यास उशीर लावू नये, हीच श्रीचरणी प्रार्थना.